मामाजींनी हौ म्हटलं

मिलची जीप डाव्या हाताची होती. म्हणजे चाक डावीकडे, ब्रेक डावीकडे आणि मीही डावीकडे. लढाईत कुठल्याशा गोऱ्या शिपायाने वापरून टाकलेली ही गाडी जबलपूरच्या लिलावात निघाली आणि आमच्या मालकांनी ती लालबर्ऱ्याला आणली. ज्या देशात गाड्या रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात, तिथे डावीकडे बसून जीप हाकणाऱ्याला काय दिसतं ते मला विचारा. नाला दिसतो. पळसाची झाडं दिसतात. बांधीत, म्हणजे आमच्याकडच्या धानाच्या वाफ्यात, वाकलेल्या बाया दिसतात. फक्त समोरून येणारं वाहन दिसत नाही. पुढे ट्रक असला तर ट्रकचं ढुंगण दिसतं, बाकी काही नाही.

म्हणून या जीपला उजव्या सीटवर एक डोळेवाला माणूस लागायचा. मिलचे दिवाणजी बसले की काम सोपं होतं. ते तोंडाने काही बोलत नसत. रस्ता मोकळा असला की समोरच्या पत्र्यावर एक थाप मारत, मी गाडी काढत असे. थाप नाही तर गाडी नाही. या भाषेत व्याकरण नव्हतं, त्यामुळे आम्ही दोघंही जिवंत राहिलो.

मी त्या मिलमध्ये इंजिन मिस्त्री होतो. धानाचं इंजिन चालवायचं, ते बंद पडलं की उघडायचं, आणि ड्रायव्हर रजेवर गेला की जीप हाकायची. ज्याला इंजिन उघडता येतं त्याला गाडी हाकता येतेच, असा मालकांचा समज होता. माझाही होता.

त्या साली माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, लांजीच्या पलीकडे. मुलगी झाली. महिने गेले, मुलगी पालथी पडायला लागली, तरी सासरे पाठवायचं नाव घेईनात. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी मिलच्या आवारातल्या खोलीत राहत होतो आणि तिथे दिवसरात्र कोंडा उडायचा. भातात कोंडा, अंथरुणात कोंडा, कानात कोंडा. मामाजींनी (सासऱ्याला आम्ही मामाजीच म्हणतो) निरोप धाडला, "लेकराले कोंड्यात नाही पाठवत."

मग मी गावाच्या टोकाला घर घेतलं भाड्याने. मोकळं, विहिरीजवळ, मागे चिंच. तसं कळवलं. उलट निरोप आला, "घर आधी मी पाहीन. मंग ठरवू." तेव्हा मालकांच्या हातापाया पडून मी जीप मागितली आणि मामाजींना आणायला निघालो. त्यांनी घर पाहून मान हलवली तर बायको आणि मुलगी घरी येणार. नाही हलवली तर मी, विहीर आणि चिंच. मुलीला मी तोवर दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा ती झोपलेली होती.

बसने आणता आलं असतं, हे तुमच्या मनात आलं असेल. माझ्या मनात नाही आलं. जावई जीप घेऊन दारात उभा राहिला की सासरा अर्धा तिथेच पाघळतो, असं मला वाटलं होतं.

सासरहून मामाजींना घेऊन निघताना बायको झोपलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन जीपपाशी आली. जीपच्या चारी बाजूंनी फिरली आणि म्हणाली, "मिस्त्रीबुवा, हळू हाका. तुमच्या बाजूले माहा बाप बसला हाये."

"हौ," मी म्हटलं.

"हौ म्हणता, पन आयकता का?"

आमच्याकडे हौ म्हणजे होय, हे खरंच. पण तेवढंच नाही. समोरचा बोलत असला की मध्ये मध्ये हौ म्हणायचं असतं, ऐकतोय एवढं कळावं म्हणून. सांगणारा सांगतो, आमच्या बैलाला खोकला झाला. ऐकणारा म्हणतो, हौ. याचा अर्थ बैलाच्या खोकल्याला त्याची संमती आहे असा नव्हे. हे मला लहानपणापासून माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट वेळेवर आठवेलच असं मात्र नाही.

किरनापूर सोडलं आणि पुढे बांबूचा ट्रक लागला.

तेव्हा त्या रस्त्याला डांबराची एकच पट्टी होती, एका गाडीपुरती. दोन्ही बाजूंना मुरूम, आणि डांबराची कड एवढी उंच की खाली उतरलं की दात वाजत. समोरासमोर गाड्या आल्या की दोघांनी एकेक बाजूची चाकं मुरमावर उतरवायची, हा धर्म. मागच्याला पुढे जायचं असलं तर पुढच्याने उतरायचं आणि हात दाखवायचा. पण बांबूचा ट्रक कशाला उतरतो? भार इतका की एक चाक खाली गेलं तर आडवाच व्हायचा. तो आपला मधोमध, दमेकरी म्हाताऱ्यासारखा चढत होता. बांबूंची टोकं मागे चार-सहा हात बाहेर आलेली, त्यांना लाल फडकं बांधलेलं. ती टोकं माझ्या काचेसमोर अशी हलत होती, जणू माझ्याच तोंडाकडे बोट दाखवून कोणी काही समजावून सांगतंय.

"मामाजी," मी म्हटलं, "जरा उजवीकडून समोर पाहा."

"हौ."

"काही येऊन राह्यलं का?"

"हौ."

मी ब्रेक दाबून मागे राहिलो. बराच वेळ गेला. काहीच आलं नाही.

"काय येत होतं, मामाजी?"

"काही नाही. रस्ता साफ होता."

"मंग हौ काहून म्हटलं?"

"तुम्ही सांगितलं समोर पाहा. म्या म्हनलं हौ, पाहून राह्यलो."

आता मास्तरकी करणं भाग होतं. मी समजावलं की मी विचारीन, काही येऊन राह्यलं का. येत असलं तर हौ म्हणा, रस्ता मोकळा असला तर नाही म्हणा.

मामाजींनी विचार केला. "म्हंजे पुढं जायचं असन तर म्या नाही म्हनायचं?"

"हौ."

"जमत नाही. रस्त्यानं जाणाऱ्याले नाही म्हनू नये. आमच्या घरी जाणाऱ्याले कुठं चालले असं बी कोणी विचारत नाही. आन तुम्ही नाही आयकून गाडी पुढं काढसान? अपशकुन घेऊन?"

मग आम्ही प्रश्न उलटा केला. मी विचारायचं, "जाऊ का?" रस्ता मोकळा असला की त्यांनी म्हणायचं, हौ. शकुनही राहिला, कामही झालं. दोनदा तालीम घेतली. दोन्ही वेळा ते चुकले नाहीत. चुकणारा माणूस दुसराच होता.

एवढ्यात मागून भोंगा वाजला.

मागे बालाघाटची मोटर आली होती. बसला आम्ही मोटरच म्हणत असू. ही खाजगी मोटर. तिच्या मागे कुठेतरी दुसरी खाजगी मोटर होती आणि पुढच्या गावची सवारी जो आधी पोचेल त्याची. त्यामुळे तिचा ड्रायव्हर भोंग्यावरचा हात काढत नव्हता आणि कंडक्टर दारात लटकून पत्रा बडवत होता.

"ए जीप! साइड दे!"

कुठे देऊ? पुढे बांबू, खाली मुरूम, मागे मोटर, शेजारी सासरा. खरं सांगायचं तर मुरमावर उतरून त्याला जाऊ देता आलं असतं. जीपला काय होतंय, लढाई पाहून आलेली ती. मामाजी म्हणालेही, "त्याले जाऊ द्या ना, जवाईबापू. त्याले घाई हाये."

पण सासऱ्यादेखत मोटरला वाट करून द्यायची, म्हणजे आपण घाबरट ठरलो, असं माझ्या डोक्यात भरलं होतं. "त्याच्या बापाचा रस्ता नाही," मी म्हटलं. रस्ता माझ्याही बापाचा नव्हता, पण ते मामाजी बोलले नाहीत.

"ट्रकचा ड्रायव्हर हात काढून राह्यला," ते म्हणाले.

ट्रकवाल्याचा हात उजवीकडून निघतो; मला डावीकडून तो दिसणार कसा? "कसा काढते? हालवते का?"

"हौ, हालवते."

"बोलावल्यासारखा का हाकलल्यासारखा?"

त्यांनी मान बाहेर काढून नीट पाहिलं. "हाताले काही लागलं असन. झटकून राह्यला." मग थोड्या वेळाने, "बिडी होती. फेकली."

मागून कंडक्टरचा आवाज आला, "अरे आगे बढ़, नहीं तो खेत में जा!"

मोटर इतकी जवळ आली होती की तिच्या इंजिनाची ऊब मानेला लागत होती. बांबू समोर डुलत होते. ट्रकने धूर सोडला की आम्ही दोघं डोळे मिटायचो. म्हणजे जीपमधले एकूण चारही डोळे बंद आणि गाडी चालू. मामाजींचं धोतर सकाळी पांढरं होतं. माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती: हे असंच चाललं तर दिवस मावळता पोचू, अंधारात घर काय दिसणार, उद्या पुन्हा कोंड्याची गोष्ट निघणार. एकदा, एकदाच हा बांबू मागे टाकला की झालं.

मी विचारलं, "येऊन राह्यलं का?"

हो. तालीम केलेला प्रश्न सोडून आधीचाच, जुना.

मामाजींनी पाहिलं आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "हौ!"

मी पाय दाबला.

जीप मुरमावर उतरून बांबूच्या बाजूने वर सरकली. आणि तेव्हा मला तो दिसला, रिकामा ट्रक, बांबू भरायला परत निघालेला, रिकाम्या ट्रकच्या मस्तीत. मागे हटावं म्हणून ब्रेक दाबला, तर माझी रिकामी झालेली जागा मोटरने केव्हाच भरून टाकली होती. डावीकडे बांबूची भिंत. मागे जायला जागा नाही, पुढे जायला वेळ नाही. उजवीकडे उतार होता आणि उताराखाली बांधी.

मी चाक उजवीकडे फिरवलं. जीप उतार उतरली, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, उडाली आणि लोंब्या निसवलेल्या धानात जाऊन बसली. बसली हाच शब्द. म्हैस डोहात बसते तशी, सुस्कारा टाकून. चाकं दिसेनाशी झाली. इंजिनाने एकदा बुडबुड केलं आणि गप्प झालं.

वर रस्त्यावरून रिकामा ट्रक गेला. बांबूचा ट्रक गेला. त्याच्या ड्रायव्हरला आम्ही होतो हेसुद्धा कळलं नसावं.

मामाजी दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून बसले होते. टोपी चिखलात. नाकावर चिखल. मी विचारलं, लागलं का? त्यांनी आधी हात, मग पाय हलवून पाहिले आणि म्हणाले, "नाही."

दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी हौच्या जागी नाही म्हटलं.

"मामाजी, तुम्ही हौ म्हनलं..."

"तुम्ही काय पुसलं?"

मी आठवून पाहिलं. आठवलं.

"येऊन राह्यलं का, असं पुसलं," ते शांतपणे म्हणाले. "येऊन राह्यलं होतं. म्या सांगितलं."

धुऱ्यावर गवत कापणारी एक म्हातारी होती. तिने विळा खाली ठेवला, आमच्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "रस्ता तिकडं हाये, बापू."

मोटर मात्र थांबली. तिला एवढी घाई होती ना? पण माणसं अशीच असतात. वाट देत नाहीत, आणि बांधीत पडलात की वीस जण धोतर वर करून चिखलात उतरतात. कंडक्टर सर्वात पुढे. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "मैंने तो गुस्से में बोला था, खेत में जा. तू सच में चला गया?" सगळी मोटर हसली. ड्रायव्हर वरून म्हणाला, "आदमी आज्ञाकारी है." मामाजीही हसले असावेत, चिखलामुळे नक्की सांगता येत नाही.

दोर लावून त्यांनी जीप वर काढली. धान तेवढं लोळलं. बांधी त्या म्हातारीच्या दिराची होती. मामाजींनी चिखलातच तिला हात जोडले आणि म्हणाले, "जवाई हाये." एवढंच. तिने माझ्याकडे पाहिलं, सगळं समजल्यासारखी मान डोलावली आणि गवत कापायला लागली.

जीप चालू होईना. मी बोनट उघडून कॉईल पुसत बसलो. मामाजींनी पिशवी उचलली आणि मोटरच्या पायरीवर पाय ठेवला.

"मामाजी, घर पाहायचं राह्यलं ना?"

"तेच पाहाले चाललो," ते म्हणाले. "घरानं काय केलं? घर काही बांधीत नाही गेलं."

मोटर भोंगा वाजवत गेली. मी वायरी पुसत राहिलो. इंजिन मिस्त्री होतो म्हणून बरं. जीप चालू झाली तेव्हा उन्हं कलली होती. लालबर्ऱ्याला पोचलो तो मामाजी ओट्यावर बसून शेजाऱ्यांच्या घरचा चहा पीत होते, अंघोळ करून, माझंच धोतर नेसून. घर विचारत विचारत त्यांनी स्वतःच शोधलं होतं. विहिरीचं पाणी चाखलं होतं. चुलीच्या जागी उकिडवे बसून धूर कुठे जाईल याचा अंदाज घेतला होता. चौकटीवरून बोट फिरवून कोंडा येतो का ते पाहिलं होतं.

मी अंगणातच उभा राहिलो. ते बसा म्हणेपर्यंत बसायची हिंमत नव्हती.

"घर चांगलं हाये," ते म्हणाले. "मुख्य म्हंजे हालत नाही."

"मंग पाठवसान?"

त्यांनी कपातला उरलेला चहा बशीत ओतला, फुंकला, प्याले. "पोरगी येईन. लेकरू येईन. दिवाळी होऊ द्या." आणि बशी खाली ठेवून, "पन तुमच्या जीपीत नाही."

दिवाळी झाली. धान कापून झालं, रस्ते वाळले, मुरमाची धूळ उडायला लागली. ठरल्या दिवशी मी जीप घेऊन लांजीला गेलो, सामान आणायला. माणसं मोटरने, सामान जीपने, असा मामाजींचा कायदा. उजव्या सीटवर पाळणा बांधला, मागे पेटी, तांदळाचं पोतं, गोधड्या. बायको मुलीला घेऊन मोटरच्या शेवटच्या बाकावर बसली, शेजारी मामाजी. आणि मी मोटरच्या मागे.

त्या दिवशी मला कळलं की मोटर किती धूळ उडवते. आजवर मी कधी कोणाच्या मागे इतका वेळ राहिलोच नव्हतो. मोटर दर गावाला थांबे, मी थांबे. मोटर बकरी चढवून घेई, मी वाट पाही. मागच्या काचेतून मामाजींची टोपी दिसायची, कधी मुलीचं डोकं. मामाजी तिला उचलून काचेशी धरत. ती माझ्याकडे पाहत होती की धुळीकडे, कोण जाणे.

एका थांब्यावर कंडक्टर खाली उतरून माझ्यापाशी आला. तोच तो. "मिस्त्री, ड्रायवर कब से हाथ दे रहा है. निकल जाओ ना आगे."

"राहू दे," मी म्हटलं.

"काहे? आज जल्दी नहीं है?"

खिडकीतून बायकोने हात बाहेर काढला. हातात ओली लंगोटी. "हे घ्या. बोनटवर वाळू घाला. तेवढं तरी होते का पाहा तुमच्या जीपीनं."

मी ती वायपरमध्ये अडकवली. पुढच्या गावापर्यंत ती वाळली आणि गेरूत बुडवल्यासारखी लाल झाली.

मग मागून एक ट्रक आला आणि भोंगा वाजवायला लागला. मी शहाण्यासारखा मुरमावर उतरलो, हात काढला, त्याला जाऊ दिलं. तो गेला आणि माझ्या अन् मोटरच्या मधे जाऊन बसला. मोटर त्याला वाट देईना, तो हटेना. काच गेली, टोपी गेली, डोकं गेलं. पुढचा सगळा रस्ता मी त्या ट्रकची फळी पाहत काढला. मला पुढे जायचं होतं, फार जायचं होतं, आणि मी गेलो नाही. चाक इतकं घट्ट धरलं होतं की बालाघाटला उतरलो तेव्हा बोटं सरळ होईनात.

मोटर स्टँडवर ती तिघं माझी वाट पाहत उभी होती. बायकोने मला खालून वर पाहिलं. "तुम्हीच ना?" असं म्हणून तिने मुलगी माझ्या हातात दिली. मुलीने जागेपणी बापाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. धुळीचा एक पुतळा आणि त्यात दोन डोळे. तिने भोकाड पसरलं. मी बाहीने तोंड पुसलं. तिने आवाज आणखी चढवला.

"होईन वळख," मामाजी म्हणाले, आणि त्यांनी मुलीला माझ्या हातातून परत घेतलं. "लालबर्ऱ्याची मोटर सुटून राह्यली. तुम्ही या मागून."